शब्दांना कुंपण कुठे घालावे?



बोलण्याचे स्वातंत्र्य सर्वांना असावे, असे आपण सगळेच म्हणतो. पण कुणाच्या बोलण्यामुळे गावात भांडण पेटले, एखाद्याचे घर उद्ध्वस्त झाले किंवा कुणाचा जीव गेला, की आपणच म्हणतो, ‘अशांची तोंडे बंद केली पाहिजेत.’ दोन्ही वेळा आपण मनापासून बोलत असतो. म्हणून या रविवारच्या अभ्यासासाठी आपण हाच प्रश्न घेऊ. बोलण्याने समाजाची हानी होत असेल तर त्या स्वातंत्र्यावर मर्यादा घालावी का? घालायची तर कुठे? आणि ती कुणी घालायची?

उदाहरणे शोधायला फार लांब जायला नको. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. आपल्या या जुन्या जिल्ह्यातच या प्रश्नाच्या दोन्ही बाजू घडून गेल्या आहेत.

राज्यघटना काय सांगते?

आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने प्रत्येक नागरिकाला भाषणाचे व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे. त्याच अनुच्छेदात पुढे मर्यादाही सांगितल्या आहेत. देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि अपराधाला चिथावणी, एवढ्याच कारणांसाठी कायद्याने निर्बंध घालता येतात. शिवाय तो निर्बंध ‘वाजवी’ असला पाहिजे. हा शब्द १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने घातला गेला.

ही यादी एकदा शांतपणे वाचावी. तिच्यात ‘लोकांना आवडले नाही’ हे कारण नाही. ‘पुढाऱ्याला राग आला’ हेही नाही. धर्माच्या बाबतीत कायदा आहे, पण जाणूनबुजून व दुष्ट हेतूने केलेला अपमानच त्यात गुन्हा ठरतो. नुसते वेगळे मत मांडणे हा गुन्हा नाही. म्हणजे मर्यादा आहे, हे पहिल्या दिवसापासून मान्य आहे. खरा वाद आहे तो ‘हानी’ कशाला म्हणावे यावर.

पालघर, नोव्हेंबर २०१२

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. लाखो माणसे शोकाकुल झाली आणि मुंबई व आसपासची शहरे बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीने, असा बंद कशासाठी, अशा अर्थाचे चार शब्द फेसबुकवर लिहिले. तिच्या मैत्रिणीने ते आवडल्याची खूण केली. तेवढ्यावरून दोघींना अटक झाली. पहिल्या मुलीच्या नातेवाईकाच्या दवाखान्यात जमाव घुसला आणि त्याने तिथे मोडतोड केली.

आता विचार करू या, इथे हानी कुणी केली? मुलीचे शब्द वेळेला धरून नव्हते, असे कुणी म्हणेल. शोकात असलेल्यांना ते बोचले असतील, हेही खरे. पण दवाखान्याच्या काचा त्या शब्दांनी फोडल्या नाहीत. त्या माणसांच्या हातांनी फुटल्या. तरीही अटक झाली ती मुलींना. पुढे सरकारने दोन पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित केले आणि मुलींवरचा खटला बंद झाला.

ही अटक माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ अ खाली झाली होती. ‘त्रासदायक’ किंवा ‘गैरसोयीचा’ मजकूर पाठवल्याबद्दल या कलमात तीन वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची तरतूद होती. पण त्रास कुणाला नि किती, याला माप काय? सासूला सुनेचा निरोप त्रासदायक वाटू शकतो आणि सरपंचाला ग्रामस्थाचा प्रश्न गैरसोयीचा वाटू शकतो. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने या कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर व न्यायमूर्ती नरिमन यांनी ते कलम रद्द केले.

त्या निकालात एक गोष्ट फार उपयोगी सांगितली आहे. बोलण्याच्या तीन पायऱ्या असतात. एखाद्या विषयाची चर्चा करणे ही पहिली. एखाद्या मताचा जोरदार पुरस्कार करणे ही दुसरी. आणि लोकांना गुन्ह्यासाठी चिथावणे ही तिसरी. पहिल्या दोन पायऱ्यांवर मत कितीही अप्रिय असले तरी सुव्यवस्थेच्या नावाखाली त्याला हात लावता येत नाही. तिसऱ्या पायरीवर मात्र कायद्याने आडवे यावे. पालघरच्या त्या मुली पहिल्याच पायरीवर होत्या.

मुरबाड, मार्च २०२४

आता दुसरी बाजू पाहू. मार्च २०२४ मध्ये शेजारच्या मुरबाड तालुक्यातील एका गावात सत्तरी ओलांडलेल्या एका वृद्धाला, तो करणी करतो या संशयावरून, पेटत्या निखाऱ्यांवर नाचवण्यात आले. त्यांचे पाय भाजले आणि पोलिसांनी गुन्हा दाखल केला.

असा प्रकार एका रात्रीत होत नाही. त्याआधी कुणीतरी कुजबुजलेले असते. ‘त्याची नजर वाईट आहे.’ ‘त्याच्यामुळे म्हैस दूध देईना.’ ‘पोराचा ताप उतरत नाही, त्यानेच काहीतरी केले.’ पाणवठ्यावर, बाजारात, लग्नाच्या मांडवात ही वाक्ये फिरतात. बोलणाऱ्या प्रत्येकाला वाटते, आपण नुसते बोललो. शेवटी एखादा म्हातारा किंवा एखादी विधवा गावाच्या मधोमध उभी केली जाते.

अशा बोलण्याला महाराष्ट्राने कायद्यानेच अटकाव केला आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत, अमुक माणूस करणी करतो, जादूटोणा करतो किंवा मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटवतो असे जाहीर करणे हे गुन्ह्याचे कृत्य म्हणून नोंदले आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतची आहे आणि दंडही आहे. इथे कायदा थेट शब्दांवर मर्यादा घालतो. ती मर्यादा आम्हांला योग्य वाटते, कारण हे शब्द एका विशिष्ट माणसावर रोखलेले असतात, ते खोटे असतात आणि त्यांच्या मागोमाग मार येतो हे पुन्हा पुन्हा दिसून आले आहे.

हा कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अनेक वर्षे जनजागृती केली. त्यांच्या मतांना विरोध करणारे पुष्कळ होते आणि विरोध करण्याचा त्यांना हक्कही होता. पण २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉक्टरांची गोळ्या घालून हत्या झाली. त्याच महिन्यात राज्य सरकारने अध्यादेश काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. मे २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. एकाच घटनेत दोन धडे आहेत. माणसाचा घात करणाऱ्या शब्दांना कायद्याने रोखावे, आणि विचार मांडणाऱ्या माणसाला कायद्याने जपावे.

अफवा: जिथे कायदा उशिरा पोचतो

सगळ्यांत अवघड प्रश्न यापुढचा आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे बाजाराचा दिवस होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून आलेले, भिक्षा मागून फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे होते. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे निरोप त्या दिवसांत मोबाइलवरून सगळीकडे पसरले होते. लोकांना या पाच जणांचा संशय आला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने ठार मारले. पाचही जण निरपराध होते.

त्यानंतर दोन वर्षांच्या आत, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या काळात, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक अशा तिघांना जमावाने मारले. ते मुंबईहून सुरतकडे एका अंत्यविधीसाठी निघाले होते. त्या भागात चोर व मुले पळवणारे फिरत असल्याची अफवा होती आणि गावकरी रात्री पहारा देत होते. पोलीस तिथे पोचले होते, तरी तिघांचे प्राण वाचले नाहीत.

मग दुसरी अफवा उठली. या हत्येला धर्माचा रंग देण्यात आला. कुणी मुसलमानांकडे बोट दाखवले, कुणी ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे. शेवटी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून, त्यात एकही मुसलमान नाही, असे सांगावे लागले. पहिल्या अफवेने तीन बळी घेतले होते. दुसरीने आणखी किती घेतले असते, सांगता येत नाही.

या दोन्ही घटनांत कायद्याची अडचण लक्षात घ्या. ‘मुलांना सांभाळा, टोळी फिरते आहे,’ हा निरोप चिथावणीचा दिसतच नाही. तो काळजीचा दिसतो. पाठवणारी बहुधा एखादी आईच असते. अफवा पसरवणे हा गुन्हा आहे, पण सांगणाऱ्याला ती रास्त कारणाने खरी वाटत असेल आणि त्याचा हेतू वाईट नसेल, तर कायदा त्याला सूट देतो. आणि ते योग्यच आहे. नाहीतर गावात खरोखर चोर आला तरी कुणी तोंड उघडणार नाही.

जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. तिने कुणाचे बोलणे बंद केले नाही, फक्त त्याचा वेग कमी केला. यातून आपल्यालाही शिकण्यासारखे आहे. अफवेवर पहिला उपाय म्हणजे थोडे थांबणे.

मर्यादा कुणी घालावी?

मर्यादा घालण्याचे काम कुणाच्या हाती द्यावे, याबाबत इतिहास आपल्याला सावध करतो. लोकमान्य टिळकांना १८९७ साली अठरा महिन्यांची आणि १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली, ती लेखनाबद्दल. त्यांच्या लिखाणाने शांतता बिघडते, असे तेव्हाच्या सरकारचे म्हणणे होते. आज आपण त्या लिखाणाला देशसेवा म्हणतो. ‘समाजाची हानी’ हे शब्द सत्तेच्या तोंडी असले की ‘माझी अडचण’ असा त्यांचा अर्थ होऊ शकतो. कलम ६६ अ रद्द झाल्यावरही ठिकठिकाणी त्याखाली गुन्हे नोंदवले जात होते आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल आश्चर्य व्यक्त केले. लोकांना गप्प करण्याची सवय एकदा लागली की ती सहज सुटत नाही.

सत्तेच्या हातात नको, तर जमावाच्या हातात? ते तर त्याहून वाईट. १९८९ साली एका तमिळ चित्रपटाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, लोक दंगा करतील ही भीती दाखवून सरकारला अभिव्यक्तीवर बंदी घालता येणार नाही. दंगा करणाऱ्यांना आवरणे हे सरकारचे काम आहे. नाहीतर जो जास्त दगड मारील त्याचेच ऐकावे लागेल. म्हणून मर्यादा घालावी ती आधी लिहून ठेवलेल्या स्पष्ट कायद्याने, कारणे देऊन, आणि वर न्यायालयात दाद मागण्याची सोय ठेवून.

आपलेही माप तेच हवे

दुसऱ्याच्या बाबतीत न्याय सांगणे सोपे असते. आपल्या बाबतीत काय? मे २००६ मध्ये ‘द दा विंची कोड’ हा चित्रपट भारतात आला. प्रभू येशूविषयी त्यात दाखवलेल्या कल्पित गोष्टींनी अनेक भाविकांची मने दुखावली आणि मुंबईत निषेधही झाला. सेन्सॉर मंडळाने चित्रपटाला प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र दिले आणि ही कथा काल्पनिक असल्याची सूचना दाखवायला लावली. गोवा व तमिळनाडूसह काही राज्यांनी बंदी घातली. आंध्र प्रदेशातील बंदी तिथल्या उच्च न्यायालयाने उठवली.

आपले दुःख खरे होते. पण त्या चित्रपटाने ‘ख्रिस्ती माणसाला मारा’ असे कुणाला सांगितले नव्हते. त्याला उत्तर देण्यासाठी आपल्याजवळ शब्द होते आणि अनेक धर्मगुरूंनी व लेखकांनी ते वापरले. निषेध करणे हाही बोलण्याचाच हक्क आहे. पण पालघरच्या मुलींसाठी जो न्याय आपण मागतो, तो आपल्या श्रद्धेला न रुचणारे बोलणाऱ्यालाही द्यावा लागतो.

याच मापाची दुसरी बाजू आपले रक्षण करते. जून २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात एका आमदारांनी ख्रिस्ती धर्मगुरूंना मारहाण करणाऱ्यांना लाखो रुपयांची बक्षिसे देण्याची भाषा केल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. ११ जुलै २०२५ रोजी ख्रिस्ती बांधव मुंबईच्या आझाद मैदानावर त्याच्या निषेधासाठी जमले. धर्मांतराविषयी कुणाचे मत काहीही असो, ते त्याने खुशाल मांडावे. आपण त्याला उत्तर देऊ. पण मारण्यासाठी बक्षीस लावणे ही तिसरी पायरी आहे. चित्रपटाने आपल्याला दुखावले होते. इथे मात्र आपल्या माणसांवर हात उचलायला सांगितले गेले. हा फरक ज्याला कळला, त्याला हा सगळा धडा कळला.

आपल्या हाती काय आहे?

डोळखांबसारख्या भागात दोन गावांमध्ये डोंगर असतो, रस्ता रात्री ओस पडतो आणि पोलिसांची गाडी यायला वेळ लागतो. अशा ठिकाणी कायद्याच्या आधी पोचतो तो शेजारी. फेरीवाला, भिक्षेकरी, भंगारवाला, वाट चुकलेला वाटसरू, अशी अनोळखी माणसे आपल्या पाड्यांवर येतच असतात. त्यांचा जीव कधी कधी आपल्या एका वाक्यावर अवलंबून असतो.

आठव्या आज्ञेचा अर्थ समजावताना ख्रिस्तसभेची शिकवण तीन दोष वेगवेगळे सांगते. पुरेसा आधार नसता दुसऱ्याला दोषी मानणे हा पहिला. योग्य कारण नसताना दुसऱ्याचे खरे दोष चारचौघांत उघडे करणे हा दुसरा. आणि खोटे बोलून दुसऱ्याची अब्रू घेणे हा तिसरा. पहिल्या दोषात तोंड उघडावेही लागत नाही, हे ध्यानात घ्यावे. तो ऐकणाऱ्याचा दोष आहे. राईनपाड्यात निरोप लिहिणारा कदाचित एकच असेल, पण तो खरा मानणारे शेकडो होते.

म्हणून एखादी भयंकर बातमी कानी आली की आपण स्वतःला तीन प्रश्न विचारू या. हे प्रत्यक्ष कुणी पाहिले? कुठे आणि कधी घडले? ज्याच्याविषयी हे बोलले जात आहे, त्याच्या समोर मी हे बोलू शकेन का? उत्तरे मिळाली नाहीत, तर ती बातमी आपल्याजवळच थांबवावी. धोका खरा वाटत असेल तर पोलीस पाटलांना कळवावे किंवा ११२ या क्रमांकावर फोन करावा. अनोळखी माणसाला पाणी देऊन बसवावे, पोलीस येईपर्यंत त्याच्याभोवती गर्दी होऊ देऊ नये. आणि गावात कुणावर करणीचा आळ येऊ लागला, तर पहिल्याच दिवशी ‘हे खोटे आहे’ असे मोठ्याने म्हणावे. बोलण्याचे स्वातंत्र्य आपल्याला दिले आहे ते अशा वेळेसाठीही. सगळे गाव एका बाजूला असताना एकट्याने ‘थांबा’ म्हणण्याचा हक्क तोच आहे.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे. होय, मर्यादा असावी. पण ती लोकांच्या रागाने ठरू नये, माणसाला होणाऱ्या इजेवरून ठरावी. ती स्पष्ट कायद्याने घातलेली असावी आणि सर्वांना सारखी लागू असावी. कायद्याचे कुंपण जिथे पोचत नाही, तिथे आपली जीभ आणि आपले कान आपणच सांभाळावेत.

कुटुंबात व वाडीच्या बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. पालघरच्या मुलींचे लिहिणे आणि मुरबाडमधील करणीचा आळ, या दोहोंत आपल्याला कोणता फरक दिसतो?

२. गेल्या महिन्यात आपण मोबाइलवरून पुढे पाठवलेल्या निरोपांपैकी किती खरे असल्याची आपण खात्री केली होती?

३. आपल्या श्रद्धेला बोचणारे कुणी बोलले, तर त्याला शब्दांनी कसे उत्तर देता येईल?

४. आपल्या पाड्यावर रात्री अनोळखी माणूस आला आणि लोक जमू लागले, तर सर्वांत आधी कुणाला बोलवायचे, हे आपल्या घरात ठरले आहे का?